दारफूर: भांडण जमिनीचं, युद्ध सरकारचं

‘अरब भटके विरुद्ध आफ्रिकी शेतकरी’ एवढ्या एका ओळीत पश्चिम सुदानमधल्या दारफूरचा विषय बहुतेक वेळा उरकला जातो. त्यातून रुजलेले काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज: हे धर्मयुद्ध आहे.
वस्तुस्थिती: फूर, मसालित, झगावा या आफ्रिकी जमाती आणि अरब, सगळेच मुसलमान. बाजारहाट एक, सोयरिकीही होत आलेल्या.

गैरसमज: शेतकरी आणि पशुपालक हाडवैरीच.
वस्तुस्थिती: बाजरीची कापणी उरकली की ठरल्या दिवसापासून शेतं कळपांना मोकळी असत. जनावरांना धसकटं, शेताला खत. उंटांच्या वाटाही ठरलेल्या. १९८३-८५च्या दुष्काळानंतर या वाटांवर शेतं आली, चाऱ्याभोवती काटेरी कुंपणं पडली. तंटे मिटवणाऱ्या पारंपरिक प्रमुखांचे अधिकार तर खार्तूमच्या निमेरी राजवटीने १९७१मध्येच काढून घेतले होते.

गैरसमज: अरब म्हणजे जंजावीद (सरकारने शस्त्रं दिलेले टोळीवाले).
वस्तुस्थिती: १९१६ साली दारफूर जिंकल्यावर ब्रिटिशांनी जमातींचे मुलूख पक्के केले. दक्षिणेच्या गाईवाल्या रिझेगात अरबांना स्वतःचा मुलूख मिळाला, उत्तरेच्या उंटवाल्या अरबांपैकी बहुतेकांना नाही. जंजावीदांची भरती मुख्यतः या मुलूख नसलेल्यांतून झाली. दक्षिण रिझेगातांचे प्रमुख सईद मादिबो यांनी मात्र आपली जमात बऱ्याच अंशी त्यापासून दूर ठेवली.

गैरसमज: पाऊस आटला म्हणून युद्ध पेटलं.
वस्तुस्थिती: पाऊस १९७०च्या सुमारासच घटला होता, युद्ध पेटलं २००३मध्ये. त्या एप्रिलमध्ये सरकारविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी दारफूरमधल्या अल-फाशिर शहराच्या विमानतळावर हल्ला केला. बंड मोडण्यासाठी खार्तूमच्या सरकारने मूसा हिलालसारख्या टोळीप्रमुखांना हाताशी धरलं, शस्त्रं आणि पगार दिला. आकाशातून अंतोनोव्ह विमानांचे बॉम्ब, जमिनीवर घोड्या-उंटांवरचे हल्लेखोर, अशी गावं जाळली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या २००८च्या अंदाजानुसार सुमारे तीन लाख माणसं दगावली, त्यातली बरीच भूक आणि रोगराईने.

गैरसमज: जंजावीद इतिहासजमा झाले.
वस्तुस्थिती: २०१३मध्ये त्यांच्यातूनच ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे दल उभं राहिलं. सोन्याच्या व्यापारावर ते गबर झालं. त्याचा प्रमुख ‘हेमेदती’ दगालो एप्रिल २०२३पासून सुदानच्या लष्कराशीच लढतो आहे. त्याच वर्षी दारफूरमधल्या अल-जिनेना शहरात मसालितांची कत्तल झाली.

ओस पडलेल्या कित्येक गावांच्या जमिनी आज दुसरेच कसतात किंवा चारतात. म्हणून शस्त्रसंधी पुरणार नाही. विस्थापितांना शेत परत मिळणं आणि उंटवाल्यांना चराईचा हक्क मिळणं, हे दोन्ही प्रश्न एकाच करारात सुटावे लागतील.