घराची किंमत आणि घराचे मोल
(आदिलाबाद जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट ठेवीत आणि त्या गावी माणसे कशी राहतात हे आधी विचारीत. त्याच रीतीने आज मी आपल्या जिल्ह्यातील घरांविषयी बोलणार आहे.

आदिलाबाद शहरात घराचा व्यवहार इतर कोणत्याही गावासारखाच होतो. बयाना दिला जातो, रजिस्ट्री होते, बँक कर्ज देते. परंतु तेथून उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या डोंगराळ भागात गेले की हा बाजार जवळजवळ थांबतो. आदिवासी नसलेल्या माणसाला तेथे घर कायदेशीरपणे विकत घेता येत नाही. असे का, याचे उत्तर इतिहासात आहे.

निजामाच्या राजवटीत बाहेरून आलेले सावकार व शेतकरी यांच्या हाती गोंडांच्या जमिनी गेल्या. जंगलखात्याचा जाच वेगळाच होता. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम यांना प्राणास मुकावे लागले. त्यानंतर सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांना गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यास धाडले आणि पुढे अनेक आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. तरीही नव्याने आलेल्यांच्या हाती जमिनी जातच राहिल्या.

आंध्र प्रदेशाचा १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगणाच्या अनुसूचित क्षेत्रांना लागू झाला. १९७० च्या दुरुस्तीने तो कडक झाला. लोक त्यालाच ‘एक-सत्तरचा कायदा’ म्हणतात. या क्षेत्रातील स्थावर मालमत्ता, विकणारा कोणीही असो, अनुसूचित जमातीची व्यक्ती किंवा केवळ अशाच व्यक्तींची सहकारी संस्था यांखेरीज इतर कोणास देता येत नाही. दिल्यास तो व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो. विक्रीच नव्हे, तर भाडेपट्टा, गहाण आणि बक्षीसपत्रही ‘हस्तांतरण’ या शब्दात मोडतात. शिवाय गैरआदिवासीच्या ताब्यातील मालमत्ता मूळची आदिवासीकडूनच आली, असे कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर असतो. ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये वैध ठरविली. वारसाहक्काला मात्र बाधा नाही. तसेच आदिवासी खरेदीदार न मिळाल्यास मालकाला जमीन सरकारने घ्यावी असा अर्ज करता येतो.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे वडील त्या भागात नोकरीस होते. निवृत्तीनंतर तेथेच राहावे म्हणून त्यांनी एका अडचणीतल्या शेतकऱ्याकडून सादा बैनामा करून, म्हणजे साध्या कागदावर, घरजागा घेतली. आयुष्याची शिल्लक त्यात गेली. पुढे दावा झाला व निकाल आमच्याविरुद्ध गेला. आम्ही भावंडे फार संतापलो. आपण पैसे मोजले, मग आपला गुन्हा कोणता, असे आम्हांस वाटे. बऱ्याच वर्षांनी उमगले की, ज्याने कर्जापायी ती जागा विकली, त्याचा नाइलाज हाच आमचा स्वस्त भाव होता. आमचे नुकसान खरे होते. परंतु त्याचे नुकसान टळावे म्हणूनच तो कायदा होता. वडिलांना हे आधी कोणी समजावून सांगितले असते, तर दोन्ही घरे वाचली असती.

या कायद्याची झळही लपविता कामा नये. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गैरआदिवासी कुटुंबांना, त्यांत मराठी घरेही आली, गरजेच्या वेळी घराचा पैसा उभा करता येत नाही. आदिवासी मालकालाही खरेदीदार थोडे, म्हणून भाव कमी. बदलीवर आलेल्या शिक्षकास वा परिचारिकेस धड भाड्याचे घर मिळत नाही. आणि उघडा बाजार नसला की चोरटा बाजार फोफावतो: दुसऱ्याच्या नावावर घरे, तोंडी करार, साधे कागद.

म्हणून कायदा मोडीत काढावा काय? मला तसे वाटत नाही. घराची किंमत आणि घराचे मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिवाळीत दंडारीचे पथक गावोगाव जाते, तेव्हा यजमान गाव त्याला अंगणात नाचू देते, जेवू घालते, मुक्कामाला ठेवते. त्या अंगणाला बाजारभाव नाही. पण ते विकले गेले तर गावच उरत नाही. उणीव आहे ती पाण्याची, गटाराची, पक्क्या छपराची, कर्मचाऱ्यांच्या निवासांची. या गोष्टी जमीन विकून नव्हे, सार्वजनिक खर्चातून यावयाच्या असतात. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, कचेऱ्या जवळ आल्या. आता या कामास दूरचे अंतर ही सबब उरलेली नाही.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. आपल्यापैकी कोणी घरजागा घेणार असेल, तर ते गाव अनुसूचित क्षेत्रात येते की नाही, हे बयाना देण्यापूर्वी तपासा. आणि साध्या कागदावरची जागा स्वस्त मिळत असेल, तर ती कोणाच्या अडचणीमुळे स्वस्त आहे, हेही एकदा विचारा.