माळ्यावरचं दप्तर, शिवारातली बारव आणि खिशातला मोबाईल



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर फडक्यात बांधलेलं एखादं दप्तर निघतं. अक्षर मोडी, घरात कुणाला वाचता येत नाही. मग ते रद्दीत जातं, नाहीतर बंबात. बांधावरचा वीरगळ रस्ता रुंद करताना जेसीबीखाली येतो. जुन्या बारवेत गावचा कचरा पडतो. एकदा गेलेली ही वस्तू कितीही पैसा ओतला तरी परत मिळत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अशाच दप्तरांसाठी गावोगाव फिरले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे एकूण २२ खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यातही ते पुढे होते. वाडे आणि घरे यांतून असे कागद मिळाले नसते, तर मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग अंधारात राहिला असता.

राजवाड्यांना पायपीट करावी लागली. आज तुमच्या खिशात मोबाईल आहे. 'महाराष्ट्र बारव मोहीम' पाहा. लोकांनी समाजमाध्यमांवर आपापल्या गावच्या बारवांचे फोटो आणि ठिकाणे कळवली, त्यातून शेकडो बारवा नकाशावर आल्या. काही गावांनी गाळ काढला. बारव म्हणजे इतिहास आहेच, पण ते पाणीही आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मात्र नुसता फोटो टाकून भागत नाही. पुढील काळजी घ्यावी :

१) कोरीव दगडाचा फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढावा, कोरीवकाम उठून दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवावी. चुना, तेल, रंग लावू नये.

२) गाव, तालुका, जागा आणि तारीख लिहावी. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली हकिगत 'असे सांगतात' म्हणून वेगळी लिहावी.

३) व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होतो, त्यातली तारीख-ठिकाणाची नोंदही गळते. म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

४) मूळ कागद हातचा सोडू नये, लॅमिनेशनही करू नये. मोडी जाणकाराला आधी फोटो दाखवावा.

५) वाटणीचे, वादातले कागद गटावर टाकू नयेत. जुन्या मूर्तीचे नेमके ठिकाणही जाहीर करू नये, चोरांचे फावते.

नांगरताना जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून जास्त मोलाचे काही सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ते लपवणे गुन्हा आहे.

आणखी एक. गटावर रोज इतिहासाच्या नावाने काहीबाही फिरतं. पुढे ढकलण्याआधी विचारा, 'कागद कुठला? कुणाच्या घरचा?' उत्तर नसेल तर तिथंच थांबा. खोट्या बियाण्याला आपण पावती मागतो, मग इथं का नको?

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गावातल्या बारवा, वीरगळ, शिलालेख यांची एक नोंदवही करावी. शाळेतली मुलं फोटो काढतील, जाणती माणसं माहिती सांगतील. मात्र ती माणसं आहेत तोवरच हे काम उरकून घ्या.