लढाईच्या छावणीतून घराघरात आलेली पुडी

मैत्रिणींनो, बाळाला जुलाब लागले की आशाताई ओआरएसची पुडी देतात. ही साधी पुडी एका युद्धाच्या धामधुमीत कसाला उतरली, हे ठाऊक आहे का?

साल १९७१. आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. तिथे लढाई पेटली आणि सुमारे एक कोटी माणसं जीव मुठीत धरून भारतात आली. पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळ बनगाव आहे. तिथल्या छावण्यांत दाटी, घाण पाणी, त्यात पावसाळा. कॉलरा पसरला. कॉलऱ्यात जुलाब-उलट्यांवाटे अंगातलं पाणी आणि क्षार झपाट्यानं निघून जातात. काही तासांत धडधाकट माणूसही दगावतो.

तेव्हा त्यावर एकच खात्रीचा उपाय मानत, सलाईन. पण बाटल्या संपत आल्या आणि सुई लावणारे हातही पुरेनात. कोलकात्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी मग मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांना तोंडानं पाजायला सुरुवात केली. दवाखान्यात यावर आधी प्रयोग झाले होते. पण डॉक्टरच्या देखरेखीशिवाय हे द्यावं, असं कुणी मानत नव्हतं. इथे मात्र पेला आया-बहिणींच्या, नातेवाइकांच्या हातात आला. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. हे पाणी घेणाऱ्यांत ते प्रमाण चारच्याही खाली आलं.

हे घडतं कसं? जुलाबात नुसतं पाणी आतड्यात नीट जिरत नाही. पण साखर आणि मीठ जोडीनं असले की आतडं दोन्ही शोषून घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणीही अंगात जातं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं.

आपल्याकडे अजून कुणी म्हणतं, “पाणी देऊ नका, जुलाब वाढतील.” हे ऐकू नका. बाळ जुलाबानं नाही, अंगातलं पाणी आटल्यानं दगावतं.

लक्षात ठेवा:
- पुडीवर लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पुडी कालवा. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.
- पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. मीठ जास्त नको.
- घोट घोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या.
- अंगावरचं दूध, जेवण चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या आशाताई सांगतील तशा १४ दिवस द्या.
- डोळे खोल गेले, बाळ सुस्त पडलं, पिईना, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर ताबडतोब दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा.

डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. त्यांनी आयांच्या हातांवर भरवसा ठेवला. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की प्रत्येकीला एवढंच विचारा: “ताई, घरात पुडी आहे ना?”