मे ते सप्टेंबर : इंग्लंडमधला फुलांचा हंगाम

इंग्लंडमध्ये उन्हाळी फुलांचा हंगाम मे महिन्याच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि सप्टेंबरात डेलियांबरोबर मावळतो. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो; जूनमध्ये तो साडेसोळा तासांवर जातो. ऊन मवाळ, पाऊस अधूनमधून, रात्री गार. त्यामुळे फूल लवकर कोमेजत नाही आणि एकाच बागेत आठवड्यागणिक निराळी फुले दिसतात. पुष्परचनेची आवड असलेली माणसे आपले वर्ष या काळाभोवती बांधतात. मोठी प्रदर्शने, जुन्या नामवंत बागा, खासगी घरांमागची परसे आणि गावोगावच्या स्पर्धा असा हा फेरा असतो. प्रदर्शनात फूल ऐन भरात पाहायला मिळते, बागेत त्याचे येणे-जाणे कळते आणि फुलदाणीत या दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

चेल्सीचे पाच दिवस

मार्च १८०४मध्ये लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील हॅचर्ड्स या पुस्तकांच्या दुकानात सात जण जमले आणि त्यांनी उद्यानविद्येची एक संस्था स्थापन केली. १८६१ साली राजसनद मिळून ती रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी झाली. तिचे वसंत प्रदर्शन आधी केन्सिंग्टनला, मग टेम्स नदीकाठच्या टेंपल गार्डन्समध्ये भरे. १९१३पासून ते लंडनच्याच चेल्सी भागातल्या रॉयल हॉस्पिटलच्या आवारात भरू लागले. नावात हॉस्पिटल असले तरी हे निवृत्त सैनिकांचे निवासस्थान आहे. लाल डगले घातलेले तिथले वृद्ध सैनिक प्रदर्शनातही हिंडताना दिसतात.

मे महिन्यात पाच दिवस चालणाऱ्या या प्रदर्शनाचे दोन मुख्य भाग असतात. उघड्या मैदानावर नामांकित रचनाकार जेमतेम तीन आठवड्यांत भिंती, पाण्याचे झरे आणि वाढलेल्या झाडांसह संपूर्ण बागा उभ्या करतात. भव्य मंडपात रोपवाटिकांचे मालक एकेका फुलाचे ताटवे मांडतात. १९५१पासून वापरात असलेला जुना कापडी तंबू साडेतीन एकर जागा व्यापत असे. २०००मध्ये त्याच्या जागी नवा मंडप आला, तेव्हा जुन्या कापडाच्या पिशव्या आणि बागकामाचे एप्रन शिवून विकले गेले.

पदके सुवर्ण, सोनेरी मुलाम्याचे रौप्य, रौप्य आणि कांस्य अशी चार दर्जांची असतात. इथे पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत. प्रत्येक मांडणी ठरलेल्या कसोटीवर तपासली जाते. त्यामुळे एका वर्षी अनेकांना सुवर्ण मिळू शकते. अभिरुचीबाबतचे नियमही कडक. बागेत ठेवायच्या रंगीत बुटक्या पुतळ्यांना इथे मज्जाव असतो. प्रदर्शनाच्या शताब्दीनिमित्त २०१३मध्ये तेवढी सूट मिळाली. शेवटच्या दिवशी दुपारी घंटा वाजते, मांडलेली रोपे विक्रीला निघतात आणि उंच डेल्फिनियमचे तुरे छातीशी धरून माणसे भुयारी रेल्वेत शिरतात.

काळ थोपवण्याची कला

ही फुले आपणहून एकाच आठवड्यात उमलत नाहीत. मार्च-एप्रिलचे डॅफोडिल मेपर्यंत टिकवायचे तर त्याचे कंद शीतगृहात अडवून ठेवावे लागतात. ऑगस्टमधल्या फुलांना मेमध्ये आणायचे तर काचघरात ऊब आणि जादा उजेड पुरवावा लागतो. थंडी लांबली की रोपे उबेला, उन्हाळा लवकर आला की सावलीला, अशी धावपळ शेवटच्या दिवसापर्यंत चालते.

याच प्रदर्शनावरून बागकामातल्या एका युक्तीला ‘चेल्सी चॉप’ असे नाव पडले. मेअखेरीस बहुवर्षायू रोपांचे शेंडे एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंत छाटले, की फुले काही आठवडे उशिरा येतात आणि झाड ठेंगणे, भरगच्च राहते. ताटव्यातली निम्मीच रोपे छाटली तर फुलण्याचा काळ लांबतो आणि फुलदाणीला जास्त दिवस फुले मिळतात.

चेल्सीनंतर जुलैच्या आरंभी भरत आलेले हॅम्प्टन कोर्टचे प्रदर्शन १९९०मध्ये सुरू झाले. राजवाड्यामागच्या लांबलचक कालव्याच्या दोन्ही अंगांना ते पसरते. ऑगस्टमध्ये मर्सीसाइडच्या किनाऱ्यावरील साउथपोर्टचे प्रदर्शन भरते. त्याची सुरुवात १९२४ची. पुष्पप्रदर्शनांची ही रीत पुण्यालाही अपरिचित नाही. १८३०मध्ये स्थापन झालेली ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी पुष्पप्रदर्शन भरवते, पण ते जानेवारीत. इंग्लंडच्या उन्हाळ्यातली पिटुनिया, फ्लॉक्स, स्वीट पी ही फुले दख्खनमध्ये हिवाळ्याच्या गारव्यातच फुलतात.

बागांचे दरवाजे

प्रदर्शनातून काय फुलते ते कळते. ते कोणाशेजारी आणि केव्हा शोभते, हे बागेतच समजते. केंटमधल्या सिसिंगहर्स्टची पडीक वास्तू व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ही लेखिका आणि तिचे पती हॅरल्ड निकल्सन यांनी १९३०मध्ये विकत घेतली. त्यांनी भिंती आणि कुंपणांनी बागेचे दालनांसारखे भाग पाडले. १९३८मध्ये बाग लोकांना खुली झाली, तेव्हा प्रवेशमूल्य होते एक शिलिंग. तिथल्या प्रसिद्ध पांढऱ्या बागेत फक्त पांढरी फुले आणि हिरवी-रुपेरी पाने आहेत. जुलैच्या सुरुवातीला मधल्या लोखंडी मांडवावरचा गुलाबवेल बहरतो, तेव्हा पांढऱ्याच्या किती छटा असतात ते ध्यानात येते.

ससेक्समधील ग्रेट डिक्स्टरचा स्वभाव उलट. क्रिस्टोफर लॉइड (१९२१–२००६) यांनी तिथे भडक रंग बेधडक शेजारी लावले. १९९३मध्ये जुनी गुलाबवाटिका उपटून त्यांनी केळी, कर्दळ आणि डेलिया लावली. एक फूल संपत आले की त्याच जागी दुसरे तयार असले पाहिजे, या नियमावर तिथला लांब ताटवा उभा आहे. हँपशायरमधल्या मॉटिसफाँटला मात्र जूनमध्येच जावे लागते. ग्रॅहम स्टुअर्ट टॉमस यांनी जमवलेले १९००पूर्वीचे गुलाब तिथे आहेत आणि त्यांतले बहुतेक वर्षातून एकदाच फुलतात.

खासगी बागांसाठी निराळी व्यवस्था आहे. गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा, म्हणून १९२७मध्ये ‘नॅशनल गार्डन स्कीम’ सुरू झाली. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या. माणशी एक शिलिंग घेऊन ८,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. आज साडेतीन हजारांच्या आसपास बागा या योजनेत आहेत. त्यांच्या पिवळ्या मुखपृष्ठाच्या मार्गदर्शिकेत खुणा करून माणसे रविवार ठरवतात. मालक स्वतः भेटतो, रोपाचे नाव सांगतो आणि चहा-केकही मिळतो.

बागेतून फुलदाणीत

या साऱ्याचा पुष्परचनेशी सांधा जुळवला तो कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) यांनी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लंडनमध्ये फुलांचे दुकान काढले. केलची पाने, कुंपणावरचे वेल, रानगवत, सुकलेली बोंडे अशा गोष्टींना त्यांनी उंची घरांतल्या टेबलांवर आणले. बाजारातून बाद झालेले जुने गुलाब त्यांनी जमवले आणि जपले. १९५३च्या राज्याभिषेकाच्या पुष्पसजावटीतही त्यांचा मोठा वाटा होता. गुलाबांच्या नव्या जाती तयार करणारे डेव्हिड ऑस्टिन यांनी १९६१मध्ये बाजारात आणलेल्या आपल्या पहिल्या गुलाबाला स्प्राय यांचेच नाव दिले.

महायुद्धानंतर ज्यूलिया क्लेमंट्स यांनी गावोगावी प्रात्यक्षिके देऊन ही कला सामान्य गृहिणींपर्यंत नेली. ठिकठिकाणी मंडळे निघाली आणि १९५९मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. स्पर्धेत विषय, जागेची लांबी-रुंदी आणि वापरायचे साहित्य छापील नियमपत्रात दिलेले असते. नियम मोडलेल्या मांडणीवर ‘नियमपत्रानुसार नाही’ असा शेरा पडतो आणि कितीही सुंदर असली तरी ती बाद होते.

रचनेआधीची तयारी हे निम्मे काम. फुले पहाटे किंवा संध्याकाळी कापावीत, देठ तिरका छाटून खालची पाने काढावीत आणि काही तास खोल पाण्यात गार जागी ठेवावीत. खसखशीच्या जातीच्या फुलांतून चीक गळतो. त्यांच्या देठाचे टोक काही सेकंद उकळत्या पाण्यात धरतात. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहते, म्हणून त्याला थोडी मोकळीक ठेवावी लागते. फुलांइतकीच पानांना किंमत असते. होस्टाची रुंद पाने रचनेला बूड देतात, तर अल्केमिलाची पिवळट-हिरवी फुले मधल्या फटी भरतात.

देठ रोवण्यासाठी १९५४पासून हिरवा फोम वापरात आला. पाणी धरून ठेवणारा हा पदार्थ सोयीचा, पण तो प्लास्टिकच आहे. त्याचा चुरा मातीत-पाण्यात साचतो. त्यामुळे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. आता तारेची जाळी गोळा करून पात्रात बसवणे किंवा जपानी इकेबानातला खिळ्यांचा केंझान वापरणे, या जुन्या रीती परत आल्या आहेत.

सप्टेंबरात डेलिया आणि अ‍ॅस्टर फुलतात, हायड्रेंजियाचे गेंद कागदासारखे होऊ लागतात. ते आणि खसखशीची बोंडे उलटी टांगून वाळवली की हिवाळ्यातल्या रचनांचे साहित्य तयार होते. त्याच सुमारास पुढच्या वसंतासाठी डॅफोडिलचे कंद जमिनीत जातात.