फोटोतला कॅमेरा ओळखताना

जुन्या फोटोत कुणाच्या गळ्यात किंवा हातात कॅमेरा दिसला, तर त्यावरचे नाव वाचण्याच्या फंदात आधी पडू नये. अक्षरे बहुधा पुसटच असतात. आधी आकार पाहावा.

तिवईवर उभा लाकडी कॅमेरा, त्याचा चामडी भाता आणि मागे काळे कापड दिसले, तर तो स्टुडिओवाल्याचा. घरगुती कॅमेऱ्यांत १९००पासूनचा कोडॅकचा 'ब्राउनी' म्हणजे निव्वळ एक डबा. एकाखाली एक अशी दोन भिंगे असतील आणि माणूस मान खाली घालून पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यात पाहत असेल, तर तो रोलायफ्लेक्सच्या घराण्यातला. मूळ रोलायफ्लेक्स १९२९चा, याशिकामॅट १९५७चा. इथे डोळा बारीक करावा: फिल्म पुढे सरकवायला कडेला दांडी आहे की गोल बटण? याशिकामॅटला दांडी असते, याशिका-डीला बटण. ही कळ वापरणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे समोरून काढलेल्या फोटोत आपल्या डावीकडे दिसते. ती उजवीकडे दिसली, तर फोटो आरशातला किंवा निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला. माथ्यावर मधोमध उंचवटा असेल, तर एसएलआर. त्यातला निकॉन एफ १९५९मध्ये आला. आपल्याकडच्या अल्बमांत मात्र असल्या महागड्या कॅमेऱ्यांपेक्षा बडोद्यात तयार होणारा साधा आग्फा क्लिक-३ सापडण्याचा संभव जास्त. त्यात १२० फिल्मवर बारा चौकोनी फोटो निघत.

कॅमेऱ्यावरून साल काढताना एक गफलत हमखास होते. मॉडेल कधी निघाले यावरून फोटो त्याआधीचा नाही, एवढेच ठरते. परदेशी कॅमेरा सहजी मिळत नसे, त्यामुळे एकच कॅमेरा वडिलांकडून मुलाकडे जाई आणि दशके चाले.

म्हणून फोटो उलटून पाहावा. बालाघाट, वारासिवनी, गोंदिया या पट्ट्यातल्या फोटोमागे स्टुडिओच्या शिक्क्यात 'सी.पी.' (म्हणजे मध्यप्रांत) असेल, तर तो शिक्का बहुधा १९५०पूर्वीचा. त्या वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडचे मध्य प्रदेश झाले. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. म्हणजे गोंदियाच्या शिक्क्यात 'म.प्र.' असेल, तर तो साधारण १९५० ते १९५६ या सहा वर्षांतला. जुने शिक्के पुढेही वापरले जात, हे ध्यानात ठेवावे; तरी इतकी नेमकी खूण कॅमेराही क्वचितच देतो.

शिक्का पाहण्यासाठी अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. कागद फाटला की शिक्काही जातो.