विमान कुणाचं, पायलट कुणाचा?

तिकीट एका कंपनीचं, शेपटीवरचा लोगो त्याच कंपनीचा, एअर होस्टेसचा स्कार्फसुद्धा मॅचिंग. मग कॉकपिटमधल्या माणसाचा पगार भलतंच कुणीतरी कसं काय देतं? पायलटांचे संप पगारासाठी होतात असं आपण समजतो. अर्धं खरं आहे ते.

तुमचा एखादा मित्र न्यू जर्सीत ऑनसाइट असेल, तर अमेरिकेतल्या अमेरिकेत केलेल्या विमानप्रवासाचं तिकीट त्याच्याकडून मागून घ्या. फ्लाइट नंबर युनायटेडचा, लोगो युनायटेडचा, माइल्स जमा होणार तेही युनायटेडच्याच खात्यात. आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: ‘ऑपरेटेड बाय’ स्कायवेस्ट. किंवा गोजेट. किंवा आपण जन्मात न ऐकलेलं आणखी काहीतरी.

आयटीवाल्यांना हा फंडा समजावून सांगायला नको. आपणही क्लायंटच्या ऑफिसात बसतो, क्लायंटचं आयकार्ड गळ्यात घालतो, क्लायंटच्या कॅन्टीनमधला डोसा खातो, आणि सॅलरी स्लिप येते दुसऱ्याच कंपनीची. शेजारच्या खुर्चीतला माणूस तेच काम करतो आणि त्याचं पॅकेज... जाऊ दे, लंच टाइमला तो विषय नको. फरक एवढाच, की आपला कोड गंडला तर सर्व्हर झोपतो.

बफेलोची रात्र

१२ फेब्रुवारी २००९. न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कॉन्टिनेंटल कनेक्शनचं विमान रात्री सव्वादहाच्या सुमाराला, लँडिंगच्या तयारीत असताना, क्लॅरेन्स सेंटर नावाच्या गावातल्या एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. तिकिटं कॉन्टिनेंटलने विकली होती. विमान चालवत होती कोलगन एअर.

चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट होता. विमानाचा वेग धोक्याच्या खाली चालल्याची वॉर्निंग आली तेव्हा कॅप्टनने कंट्रोल कॉलम पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला. कमी पगारामुळे विमान पडलं, असं चौकशी समितीने कुठेही म्हटलेलं नाही आणि आपणही म्हणू नये. पण सुनावणीत जी माहिती बाहेर आली, ती ऐकून अमेरिकेतल्या सामान्य प्रवाशाचे डोळे पांढरे झाले.

को-पायलट होती २४ वर्षांची. राहायची सिअॅटलजवळ, आई-वडिलांच्या घरी. ड्युटी सुरू व्हायची न्यूअर्कहून. पुण्याहून मुंबईला रोज अप-डाउन करणाऱ्यांचं आपण कौतुक करतो. ही मुलगी अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर कामाला येत होती! त्या दिवशीही ती रात्रभर मालवाहू विमानातल्या जादा सीटवर बसून, मध्ये मेम्फिसला विमान बदलून, सकाळी न्यूअर्कला पोचली होती. कॅप्टन फ्लोरिडाचा. त्याने आदली रात्र एअरपोर्टवरच्या क्रू रूममध्ये काढली होती. दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असणार, पण नेमका किती ते ठरवता येत नाही, असं समितीने नोंदवलं.

आणि पगार? सुनावणीत तिचा वर्षाचा आकडा १६ हजार डॉलरच्या आसपास सांगितला गेला. कंपनीने नंतर दुरुस्ती केली, की तो २० हजारांच्या वर होता. दोन्ही आकड्यांत न्यूअर्कजवळ धड भाड्याने खोली मिळत नाही.

गंमत म्हणजे (गंमत कसली, पण आपल्या भाषेत असंच म्हणतात) याच्या बरोबर चार आठवडे आधी, १५ जानेवारीला, कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गरने इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीवर उतरवून सगळेच्या सगळे १५५ जण वाचवले होते. अख्खी अमेरिका ‘सली’च्या प्रेमात होती. फेब्रुवारीत त्याला अमेरिकन काँग्रेससमोर बोलावलं तेव्हा सत्काराची भाषणं बाजूला ठेवून त्याने सांगितलं, की गेल्या काही वर्षांत त्याचा पगार ४० टक्क्यांनी कापला गेलाय आणि पेन्शन जवळपास बुडालंय. तो तर मोठ्या कंपनीचा, सिनियर कॅप्टन होता.

अगं, पण असं करतात तरी का?

हिशेब साधा आहे. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या मोठ्या कंपन्यांना छोट्या गावांतून माणसं उचलून मोठ्या एअरपोर्टवर आणायची असतात. तिथे १८० सीटचं विमान पाठवणं परवडत नाही. ५०-७० सीटचं विमान परवडतं, पण ते आपल्याच पायलटांना आपल्याच पगारात दिलं तर नाही. मग एखादी रीजनल कंपनी पकडायची. टाइमटेबल मोठी कंपनी ठरवणार, तिकिटं तीच विकणार, इंधनाचं बिलही सहसा तीच भरणार. रीजनल कंपनीने विमान आणि माणसं पुरवायची आणि दर उड्डाणामागे ठरलेली फी घ्यायची. फी ठरलेली, म्हणजे नफा कुठून काढायचा? खर्चातून. आणि खर्चात कापता येण्यासारखं काय असतं, ते प्रत्येक एचआरवाल्याला माहीत आहे. २००९ पर्यंत अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांपैकी निम्म्याच्या आसपास उड्डाणं या रीजनल कंपन्याच करत होत्या.

यात एक मेख आहे. आपल्याला बॉस पटला नाही तर आपण पेपर टाकतो आणि २० टक्के हाइक घेऊन दुसरीकडे जातो. पायलटला ते जमत नाही. पगार, रूट, सुट्ट्या, कॅप्टनची सीट, सगळं सिनियॉरिटीवर चालतं आणि कंपनी बदलली की सिनियॉरिटी शून्य. १५ वर्षांचा कॅप्टन नव्या कंपनीत सगळ्यात खालच्या नंबरवर. शिवाय पगार तासावर, आणि तो तास विमान गेटवरून हललं की सुरू होतो. तीन तास डिले झाला तर लाउंजमध्ये आपण वैतागतो. तिकडे कॉकपिटमध्ये मीटर सुरूच झालेला नसतो.

म्हणून मोठ्या कंपन्यांच्या पायलटांनी आपल्या करारात एक कलम घालून घेतलं. त्याला म्हणतात ‘स्कोप क्लॉज’. आमच्या कंपनीच्या नावाने जे उडेल ते आम्ही उडवणार. बाहेर द्यायचंच असेल तर इतक्या सीटपर्यंत, इतक्या वजनापर्यंत, इतकीच विमानं. पायलटांच्या वाटाघाटीत पगाराच्या टक्क्यांवरून हेडलाइन होते, पण रात्री उशिरापर्यंत घासाघीस चालते ती या कलमावर.

आणि इथे मला पायलट मंडळींनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. सुरुवातीला ५० सीटचं जेट आलं तेव्हा मोठ्या कंपन्यांतल्या सिनियर पायलटांना त्यात रस नव्हता. असली खेळणी कोण उडवणार, द्या त्या पोरांना! पुढे ११ सप्टेंबर २००१ नंतर धंदा बसला, युनायटेड २००२ मध्ये, डेल्टा आणि नॉर्थवेस्ट २००५ मध्ये एकाच दिवशी दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. तेव्हा आपला उरलासुरला पगार वाचवायला स्कोप सैल करून दिला गेला. ५० च्या ७० झाल्या, ७० च्या ७६. टेबलाशी बसलेल्यांचं फारसं बिघडलं नाही. ज्यांच्या नोकऱ्या त्या टेबलावर दिल्या गेल्या, ती मुलं तेव्हा शाळेत होती. बफेलोच्या विमानातली को-पायलट त्याच पिढीतली.

कॉन्टिनेंटलच्या करारात तर आणखी मजेशीर फट होती. जेट बाहेर द्यायचं तर ५० सीटची मर्यादा, पण पंख्याच्या विमानाला ती लागू नाही. त्यामुळे ७४ सीटचं पंख्याचं क्यू ४०० बिनधास्त कोलगनकडे गेलं.

या कलमाची ताकद बघायची असेल तर युनायटेडचं सीआरजे ५५० बघा. विमान मुळात ७० सीटचं. पण ७० सीटवाल्यांचा कोटा भरलेला, म्हणून २०१९ मध्ये त्यातल्या २० सीट काढून ५० चं केलं. रिकाम्या जागेत बॅगा ठेवायची कपाटं, फर्स्ट क्लासच्या दहा ऐसपैस खुर्च्या आणि हाताने घ्यायचा स्नॅक्स काउंटर. प्रवासी खूश! एवढी लेगरूम आपल्याला एका कलमामुळे मिळाली, हे कुणाच्या गावीही नसतं.

८९ दिवस

रीजनलवाले पायलट गप्प बसले होते असं नाही. सिनसिनाटीची कॉमएअर ही डेल्टाच्याच मालकीची. २६ मार्च २००१ ला तिच्या साधारण १,३५० पायलटांनी संप पुकारला. म्हणणं सरळ होतं: आम्ही डेल्टाची माणसं डेल्टाच्या रंगात नेतो, तर आमचा पगार, पेन्शन, विश्रांती डेल्टाच्या जवळपास तरी आणा. ८९ दिवस एकही विमान उडलं नाही. शेवटी पगारवाढ मिळाली आणि रीजनल कंपन्यांत तो करार सगळ्यात चांगल्यांपैकी गणला गेला.

मग पुढे काय झालं? कॉमएअर महाग झाली. डेल्टाने हळूहळू काम दुसऱ्या स्वस्त कंपन्यांकडे वळवलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कॉमएअरला टाळं लागलं. व्हेंडर बदलणं किती सोपं असतं, हे क्लायंटकडे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हा फक्त अमेरिकेचा आजार नाही. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये क्वांटासच्या पायलटांची मागणी होती, की क्वांटासच्या नंबरवर उडणाऱ्या प्रत्येक विमानात क्वांटासच्याच अटींवरचा पायलट हवा. निषेध म्हणून त्यांनी काय केलं? लाल टाय घातले आणि विमानात घोषणा केल्या. बस्स. इंजिनियर आणि ग्राउंड स्टाफचे काम बंदचे कार्यक्रम वेगळे चालू होते. २९ ऑक्टोबरला सीईओ अॅलन जॉइस यांनी जगभरातली सगळी क्वांटास विमानं स्वतःच जमिनीवर बसवली. प्रवासी अडकले, सरकार धावलं, लवादाने दोन दिवसांत दोघांनाही थांबवलं. पायलटांना हवं होतं ते कलम काही मिळालं नाही. फ्रान्समध्ये सप्टेंबर २०१४ ला एअर फ्रान्सचे पायलट दोन आठवडे संपावर होते, कारण कंपनी आपलं काम ट्रान्सएव्हिया या स्वस्त भावंडाकडे नेत होती.

मग पगार वाढले कसे?

बफेलोत गेलेल्यांचे नातेवाईक वॉशिंग्टनला खेटे घालत राहिले. १ ऑगस्ट २०१० ला कायदा झाला. त्यातून २०१३ मध्ये नियम आला, की प्रवासी विमानाच्या को-पायलटलाही साधारण १,५०० तासांचा अनुभव हवा. आधी २५० तासांत सीट मिळायची. बफेलोच्या दोन्ही पायलटांकडे १,५०० पेक्षा जास्त तास होते, हे या नियमाचे विरोधक आजही ऐकवतात, आणि त्यात तथ्य आहे. पण नियमाचा वेगळाच परिणाम झाला. पायलट तयार व्हायला वेळ लागू लागला, त्यात कोरोनाच्या काळात मोठ्या कंपन्यांनी हजारो सिनियरना लवकर निवृत्त केलं आणि २०२२ मध्ये विमानं भरायला लागली तेव्हा चालवायला माणसं नव्हती. जूनमध्ये अमेरिकनच्या मालकीच्या एन्व्हॉय आणि पिडमाँटने नवख्या को-पायलटला तासाला ९० डॉलर देऊ केले. मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार केला. वीस वर्षं मागून जे मिळालं नाही, ते टंचाईने काही महिन्यांत दिलं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे पायलटांची भांडणं मुंबईकरांना नवी नाहीत. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे शेकडो पायलट एकदम ‘आजारी’ पडले, कारण युनियन काढणाऱ्या सहकाऱ्यांना कंपनीने घरी पाठवलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराचं एअर इंडियात विलीनीकरण होताना नव्या करारात हमीचे तास ७० वरून ४० वर आले आणि रोजच्या उड्डाणांत कपात करण्याची वेळ कंपनीवर आली. डिसेंबर २०२५ मध्ये तर इंडिगोकडे ड्युटीच्या नव्या नियमांना पुरतील एवढे पायलट नव्हते, हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या. तुमच्यापैकी कित्येकांचं लग्न किंवा इंटरव्ह्यू त्यात हुकला असेल.

अमेरिकेसारखी रीजनल कंपन्यांची उतरंड आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे लीज. ‘वेट लीज’ म्हणजे ओलं: विमान, पायलट, एअर होस्टेस, मेंटेनन्स, विमा, सगळं परक्या कंपनीचं. ‘डॅम्प लीज’ म्हणजे दमट: पायलट त्यांचे, केबिनमध्ये आपली माणसं. २०२३ मध्ये इंडिगोने दिल्ली आणि मुंबईहून इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ अशीच आणली. जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अॅमस्टरडॅमची उड्डाणं सुरू झाली, ती नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिकच्या ७८७ विमानांनी.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. मोठ्या विमानांची ऑर्डर आज दिली तर डिलिव्हरीला वर्षं लागतात, तोवर रूट दुसरा कुणीतरी घेऊन जातो. आपल्याला मुंबईहून थेट मँचेस्टर मिळालं, तेही कमी नाही. पण गोंदियाच्या किंवा बारामतीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये लाखो रुपयांचं कर्ज काढून शिकलेला, नॅरोबॉडीवर दहा वर्षं घासलेला इंडिगोचा कॅप्टन लाँग हॉलच्या मोठ्या विमानाची वाट बघत होता. ते विमान आलं, त्याच्या कंपनीच्या तिकिटावर, त्याच्या कंपनीच्या फ्लाइट नंबरने. त्या फ्लाइटमध्ये दारात नमस्कार करायला इंडिगोच्या मुली होत्या, ट्रॉलीवरचं जेवण आपल्या चवीचं होतं. पुढच्या बंद दाराआड बसलेले दोघं नॉर्सचे होते.