रोजच्या रस्त्यावरची ट्रायटन

ट्रायटन ही मोटारसायकल ना ट्रायम्फच्या कारखान्यात जन्मली, ना नॉर्टनच्या. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कार बनवणाऱ्यांना नॉर्टनचं इंजिन हवं असे. पण कंपनी नुसतं इंजिन विकत नसे, म्हणून अख्खी मोटारसायकल घ्यायची, इंजिन काढायचं आणि सांगाडा बाजूला टाकायचा. तो सांगाडा म्हणजे बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची फेदरबेड फ्रेम. वळणावर तिच्याइतकी स्थिर फ्रेम तेव्हा क्वचितच मिळे. त्यात लोकांनी ट्रायम्फचं ६५० सीसीचं जुळं इंजिन बसवलं आणि लंडनच्या एस कॅफेबाहेरची पोरं ताशी १०० मैलांच्या मागे लागली.

अशी गाडी आज रोज चालवायची तर सकाळची सुरुवात क्लचपासून होते. रात्रभरात तेलामुळे क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून धरून दोन-तीनदा किक खाली न्यायची म्हणजे त्या सुटतात, नाहीतर पहिला गिअर धाडकन पडतो. मग पेट्रोलचा कॉक उघडायचा आणि ॲमल कार्ब्युरेटरवरची छोटी कळ दाबून धरायची. आतला फ्लोट खाली जातो, पेट्रोल चढतं आणि बोटाला ओलं लागतं. तेवढं पुरे. त्यापुढे दाबत राहिलात तर प्लग भिजतात.

आता किक. या इंजिनाचे दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात आणि एकदमच खाली जातात. एक दाब देत असतो तेव्हा दुसरा धूर बाहेर काढत असतो, त्यामुळे प्रत्येक फेरीला दाब लागतोच. पायाने हळूहळू ढकलत तो दाब शोधायचा, जेमतेम त्याच्या पुढे जायचं, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचं सगळं वजन टाकून ती पूर्ण खाली न्यायची. मॅग्नेटोची ठिणगी मागेपुढे करणारा लिव्हर हँडलवर असेल तर तो आधी मागे घ्यायचा, नाहीतर किक उलटी बसून घोटा दुखावतो.

इंजिन लागलं की लगेच निघायचं नाही. तेलाच्या टाकीचं झाकण काढून आत बघायचं. इथे तेल इंजिनाच्या पोटात साठत नाही. ते वेगळ्या टाकीत असतं, एक पंप ते आत पाठवतो आणि दुसरा ओढून परत आणतो. परतीच्या नळीतून आधी सलग धार येते आणि मग हवेचे बुडबुडे मिसळून ती तुटक होते. तुटक धार म्हणजे पोट रिकामं झालं, पंप ठीक आहे. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली उतरतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते साचायला वेळच मिळत नाही, म्हणून मला वाटतं की या इंजिनाला गॅरेजपेक्षा रस्ता मानवतो.

बदल करायचे तर आधी न दिसणारे करावेत. मूळ इंजिनात तेल गाळायला फक्त तारेची जाळी असते, तेव्हा परतीच्या नळीवर चांगला फिल्टर बसवावा. १२ व्होल्टचा आल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेतलं तर लंडनच्या पावसात दिवे आणि ठिणगी दोन्ही भरवशाची होतात. दोन कार्ब्युरेटर दिसतात झकास, पण त्यांचा ताळमेळ सारखा बिघडतो. रोजच्या गर्दीसाठी मी एकच निवडेन. कंपन तर राहणारच, म्हणून दर आठवड्याला नट-बोल्टांवरून पाना फिरवायचा. तोही व्हिटवर्थ मापाचा, कारण मिलिमीटरचा पाना इथे नटाचे कोपरे खातो.

गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. फूटरेस्ट मागे सरकवून गिअरचा दांडा उलटा फिरवला असेल, तर पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. आपल्याकडे जुनी बुलेट चालवलेल्यांना हा क्रम नवा नाही. मुक्कामाला पोचल्यावर पेट्रोलचा कॉक आठवणीने बंद करायचा, कारण फ्लोटची सुई नीट बसली नाही तर कार्ब्युरेटर रात्रभर गळत राहतो.